व्याह्यांसाठी मांती

फोन ठेवला आणि केंजेबेकला घाम फुटला. जन्मभर कझाखस्तानातल्या तराज शहरात बस चालवलेला हा गडी व्याह्यांशी बोलता बोलता म्हणून गेला होता, "मांतीत काय एवढं? पारीत मटण भरायचं, वळायचं आणि वाफवायचं! बायका उगाच बाऊ करतात. मी स्वतः वळतो!" त्यावर दुइसेन व्याही म्हणाले, "मग रविवारी तुमच्याच हातची खाऊ."

"घाला आता खाऊ!" बायको कुल्पाश म्हणाली. "कधी चहा उकळलात? मी बोटसुद्धा लावणार नाही."

राहिली सून अकमारल, त्या व्याह्यांचीच लेक. मांती ती झकास करायची. पण सासऱ्याची चूक काढायची म्हणजे कझाख सुनेच्या जिभेला गाठच बसते.

"पारी कशी झालीय गं?" शनिवारी सरावाला बसल्यावर बुटाच्या तळव्याएवढी जाड पारी दाखवत केंजेबेकने विचारलं.

"छान झालीय, बाबा."

"आणि भोपळा?" भोपळ्याचे तुकडे रस्त्यावरच्या खडीएवढे होते.

"छान. मटणात भोपळा आहे हे कळतं तरी."

गडी फुशारला. रविवारी त्याने सारण भरलं, मांती वळल्या आणि वाफेच्या भांड्यातल्या चाळण्यांवर रचायला घेतल्या. अकमारलने हळूच तेलाची वाटी पुढे सरकवली. चाळणीला तेल लावतात, हे याला कुठलं ठाऊक! त्याने ते दोन्ही हातांना चोळलं, उरलेलं मिशीला लावलं.

"असंच ना?"

"छान दिसतंय, बाबा," सून म्हणाली आणि तिने डोळे मिटून घेतले.

पाहुणे बसल्यावर केंजेबेकने थाटात झाकण उघडलं. मांती चाळणीला अशा चिकटल्या होत्या की उचलली की नुसती टोपी हातात यायची. सारण तळ फाडून खालच्या पाण्यात कधीच उतरलं होतं. केंजेबेकचा चेहरा पडला. व्याह्यांसमोर अब्रू गेली, आता तोंड कुठे लपवायचं! कुल्पाश तोंडात पदर कोंबावा तसा रुमाल कोंबून हसत होती.

अकमारल उठली. पाण्यात पडलेलं मटण, भोपळा, पारीचे तुकडे तिने त्या पाण्यासकट वाडग्यांत वाढले, वर काळी मिरी भुरभुरवली.

दुइसेनने एक घोट घेतला. मग वाडगं तोंडाला लावलं ते रिकामं करूनच खाली ठेवलं.

"वा, व्याहीबुवा! मांती काय, कुणीही करतं. हा रस्सा जन्मात खाल्ला नव्हता. आमच्या धाकट्याच्या लग्नात सगळ्या पाहुण्यांना हाच हवा, आणि तुमच्याच हातचा!"

"त्यात काय एवढं!" केंजेबेकची जीभ पुन्हा घसरली.

पाहुणे गेल्यावर तो धावत स्वयंपाकघरात आला.

"पोरी, माझं नेमकं काय काय चुकलं ते सांग. म्हणजे पुन्हा तसंच चुकता येईल!"

अकमारलने अदबीने मान लववली. "तुमचं काहीच चुकलं नाही, बाबा."

केंजेबेक कपाळाला हात लावून मटकन बसला. मागून कुल्पाश बाह्या सरसावत आली.

"तिला कशाला छळता? मला विचारा," ती म्हणाली. "मी आपल्या लग्नापासूनचं सांगते."