सात नंबरची बस मारायची कशी

“मारायची म्हणजे?” आर्लिसबाईंनी विचारलं.

“म्हणजे मारायचीच. इंजिनाला मुठीएवढं भोक पाडायचं आणि खालच्या सांगाड्याचे दोन तुकडे करायचे,” कर्टिस रोहडे म्हणाले. ते शाळांचे अधीक्षक असले तरी हे सांगताना खिडकीबाहेर बघत होते. लहानपणी ते याच बाईंच्या बसने शाळेत यायचे, आणि शेवटच्या बाकावर मस्ती केली म्हणून याच बाईंनी त्यांना कितीदा तरी कॉलरला धरून पुढे आणून बसवलं होतं.

“अरे, पण सात नंबर चालू बस आहे. आज सकाळी गावची निम्मी मुलं घेऊन आली ती.”

“चालू आहे म्हणूनच. बंद पडलेली मारली तर पैसे मिळत नाहीत. तशी अटच आहे. सरकारी माणसासमोर चालवून दाखवायची आणि मग मारायची.”

“वेगळंच आहे हं हे,” आर्लिसबाई म्हणाल्या.

आमच्या मिनेसोटात एखादी गोष्ट अगदी भयंकर वाटली की ‘वेगळीच आहे’ असं म्हणतात. याच्यापुढचा शब्द आमच्या स्टेनविक गावात तरी कोणी उच्चारलेला नाही.

कर्टिस यांनी मग सगळं समजावून सांगितलं. एका बड्या मोटार कंपनीने धुराच्या परीक्षेत कॉपी केली होती. गाड्या परीक्षेपुरत्या स्वच्छ राहायच्या आणि रस्त्यावर आल्या की मनसोक्त धूर सोडायच्या. कंपनी पकडली गेली, कोर्टात तडजोड झाली, आणि त्यातले पैसे डिझेलचा धूर कमी करायला राज्याराज्यांत वाटले गेले. त्यातूनच स्टेनविकला विजेवरची बस मिळणार होती. फक्त जुनी बस दुसऱ्या कोणाच्या हाती लागून तिकडे धूर सोडू नये, म्हणून तिला मारून टाकायचं.

“म्हणजे कॉपी त्यांनी केली आणि फाशी माझ्या सात नंबरला?”

कर्टिस यांनी कॉफी पुढे सरकवली.

आर्लिसबाई वैतागल्या होत्या हे खरं, पण ती विजेवरची बस त्यांना हवी होती, अगदी जिवापाड हवी होती. आमच्याकडच्या थंडीत शाळेबाहेर उभ्या बसचं इंजिन कोणी बंद करत नाही, कारण ते पुन्हा सुरू होईल याची खात्री नसते. असे अठ्ठावीस हिवाळे त्या धुरात बसून काढल्यावर त्यांना खोकला जडला होता. बोलायला तोंड उघडलं की आधी खोकला यायचा आणि मग शब्द. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, एक तर धूर सोडा नाहीतर बस सोडा. बस सोडून घरी काय करायचं? नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मांजर तर शेजाऱ्यांकडेच जास्त असायचं. दिवसभरात त्यांच्याशी जे काही बोलणं व्हायचं, ते त्या बसमधल्या मुलांचं.

तशी सात नंबर सोयीचीही होती. तिला हॉर्न वाजवावा लागायचा नाही. आमच्याकडे हॉर्न हा हरणांसाठी असतो. माणसावर हॉर्न वाजवणं म्हणजे चारचौघांत शिवी देणं. सात नंबर नदीच्या पुलावर चढली की तिची घरघर गावभर ऐकू यायची. ती ऐकली की मुलं बूट चढवायला घ्यायची आणि बस दारात येईपर्यंत फाटकात हजर व्हायची.

बस मारायचा दिवस फेब्रुवारीत ठरला. राजधानीहून टॅली ओकरलुंड नावाची तरुण तपासनीस आली. त्याच दिवशी सगळं उरकायचं होतं. नाही उरकलं तर नवी बस यादीतल्या पुढच्या गावाला जाणार होती, आणि पुढचं गाव होतं ब्रांडवोल्ड. ब्रांडवोल्डने आम्हाला हॉकीत सलग किती वर्षं हरवलंय, हे आम्ही मोजायचं सोडून दिलंय.

बस मारतात कशी, हे गावात कोणीच पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे उणे तीसच्या थंडीत निम्मं गाव शाळेच्या आवारात जमलं. कोणी म्हणे इंजिनात काँक्रीट ओततात, कोणी म्हणे बंदूक लागते. एक जण तर गोठलेल्या तळ्याला मासेमारीसाठी भोक पाडायचा गिरमिट घेऊन आला होता. “लागलं तर असावं,” म्हणाला.

आर्लिसबाईंनी किल्ली फिरवली. सात नंबर एकदा कण्हली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली, तर कण्हणंही नाही.

“हे बघा, ही चालली नाही तर मला ती मारता येणार नाही,” टॅली अतिशय अजिजीने म्हणाली.

“बावीस वर्षांत एक दिवस बंद पडली नाही हो ही,” आर्लिसबाई खोकत म्हणाल्या. “आजच कसं कळलं हिला?”

मग सगळे मरायला टेकलेल्या बसला वाचवायच्या मागे लागले, अर्थात मारण्यासाठी. कोणी इंजिनावर गोधडी घातली, कोणी केस वाळवायचं यंत्र आणलं. पाद्रीबाबांनी डोळे मिटले, पण प्रार्थना नक्की काय करायची हे न सुचून पुन्हा उघडले. शेवटी शाळेची दुसरी बस, अकरा नंबर, समोर आणून बॉनेटला बॉनेट भिडवून उभी केली आणि दोघींच्या बॅटऱ्या वायरींनी जोडल्या. अकरा नंबर चांगली होती, जवळजवळ नवीच. तिच्या जोरावर सात नंबरने एक मोठी ढेकर दिली आणि काळ्या धुराचा असा लोट सोडला की पाद्रीबाबा दोन मिनिटं दिसेनासे झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आर्लिसबाईंनी बस आवारात फिरवून दाखवली आणि टॅलीने फोटो काढले.

“आता ही मरेपर्यंत माझ्या नजरेआड होता कामा नये,” टॅली म्हणाली. “पण तोडणारे कुठे आहेत?”

तोडणारा होता इंग्वाल्ड मोएन, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. त्याचं गॅस कटर गोठलं होतं, ते शेकोटीपाशी ठेवून तो उशिरा निघाला होता. तोवर जेवून घ्या, असा आग्रह झाला. शाळेच्या जेवणघराला खिडकी होती आणि खिडकीतून सात नंबर दिसत होती, तेव्हा टॅलीलाही नाही म्हणता येईना. आता पुन्हा सुरू करायचंच नव्हतं, म्हणून आर्लिसबाईंनी सात नंबरचं इंजिन बंद केलं. अकरा नंबरचं करायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, ती आपली घुरघुरत राहिली. जेवणात बटाट्याचे गोळे लावून भाजलेलं हॉटडिश होतं आणि नंतर लिंबाच्या वड्या. ताटातली शेवटची वडी आमच्याकडे कोणी घेत नाही. एकाने तिचे दोन तुकडे करून एक घेतला, दुसऱ्याने उरलेल्याचे दोन करून एक घेतला. तो उरलेला कण संपेना आणि तो संपल्याशिवाय उठायचं कसं, म्हणून कोणी उठेना.

इतक्यात बाहेर इंग्वाल्ड आला. कर्टिस यांनी त्याला फोनवर सांगितलं होतं, ‘बॉनेट उघडं असेल आणि इंजिन चालू असेल, ती मारायची.’ समोर दोन बस होत्या. बॉनेट दोघींचीही उघडी होती, पण इंजिन एकीचंच चालू होतं. नंबरांवर बर्फ साचला होता. इंग्वाल्डने चालू असलेलं इंजिन बंद केलं, चष्मा चढवला आणि कटर पेटवलं.

आवारात तेव्हाही तीस-चाळीस माणसं होती.

“ही अकरा नंबर ना हो?” एक बाई नवऱ्याच्या कानात म्हणाली.

“असेल काहीतरी कारण. इंग्वाल्ड काय डोळे मिटून करतोय?”

“पण सात मारायची होती ना?”

“अगं, त्याच्या कामात आपण कशाला बोलायचं?”

असंच प्रत्येक जण आपल्या शेजाऱ्याच्या कानात म्हणत होता. इंग्वाल्डला स्वतःलाही इंजिन जरा नवं वाटलं. त्याने हात थांबवून लोकांकडे पाहिलं. लोक त्याच्याकडे बघून छान हसले. एवढी माणसं बघतायत, चुकलं असतं तर कोणी बोललं असतंच की, असं म्हणून त्याने भोक पुरं केलं.

ठिणग्या दिसल्या तेव्हा जेवणघरातून सगळे धावत बाहेर आले. आर्लिसबाईंनी वाकून इंजिनातलं भोक पाहिलं. मग खोकल्या आणि म्हणाल्या, “वेगळंच केलंस हं, इंग्वाल्ड.”

इंग्वाल्डचा चेहरा पडला. एवढा कठोर शब्द त्याने आयुष्यात ऐकला नव्हता.

“तुम्ही खिडकीत होतात ना?” कर्टिस यांनी टॅलीला विचारलं.

“हो. मला दिसत होतं,” टॅली लाजून म्हणाली. “पण मला वाटलं, तुमच्या गावची काही पद्धत असेल.”

तेवढ्यात शाळेची घंटा झाली आणि मुलं दप्तरं घेऊन बाहेर आली. घरी पोचवायला आता एकच बस जिवंत होती, आणि अंधार पडायच्या आत तिला मारायचं होतं. नाही मारलं तर नवी बस ब्रांडवोल्डला आणि आर्लिसबाई घरी. कर्टिस कधी बसकडे बघत, कधी मुलांकडे.

“कर्टिस, बाजूला हो,” आर्लिसबाई म्हणाल्या. “मी सगळ्यांना सोडून येते. इंग्वाल्ड, हलू नकोस इथून. आणि टॅली, हिला नजरेआड करायचं नाही ना तुला? मग चढ.”

वायरी अजून जोडलेल्याच होत्या आणि अकरा नंबरची बॅटरी शाबूत होती, तिच्या जोरावर सात नंबर पुन्हा सुरू झाली. अशा रीतीने दोन्ही बसची मुलं सात नंबरमध्ये कोंबली गेली आणि सरकारी तपासनीस मांडीवर एक पहिलीतला मुलगा घेऊन चाकावरच्या बाकावर बसली. मुलांना प्रश्नच प्रश्न होते.

“बसला दुखतं का?”

“माहीत नाही रे. मी विचारलं नाही कधी.”

“मेल्यावर तिचा धूर कुठे जातो?”

“म्हणजे... येतच नाही मग.”

“पण आत्तापर्यंतचा कुठे गेला?”

टॅलीने उत्तरासाठी इकडेतिकडे पाहिलं. पुढे आर्लिसबाई स्टिअरिंगवर वाकून खोकत होत्या. टॅली त्यांच्याकडे बघत राहिली आणि निघाल्यापासून सारखं बघत होती ते घड्याळ तिने त्यानंतर पाहिलं नाही.

शेवटचं मूल उतरवून बस परतली तेव्हा आकाश तांबूस झालं होतं. या वेळी इंग्वाल्डने, “ही सात ना? नक्की सात ना?” असं तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा सगळं गाव एका आवाजात “हो!” म्हणालं. भोक पडलं, सांगाडा तुटला. आर्लिसबाईंनी बॉनेटवर हात ठेवला. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

दुसऱ्या दिवसापासून मुलांना आणायचं कशाने? ज्यांच्या तोंडचा घास काढला होता, त्या ब्रांडवोल्डनेच दोन बस उसन्या दिल्या. टोमणा एकही मारला नाही, आणि हा टोमणा आम्हाला फार लागला. त्या बस सात नंबरपेक्षाही म्हाताऱ्या होत्या. धूर कमी करायच्या त्या योजनेत आमच्या गावाने आजवर खाल्ला नव्हता एवढा धूर त्या हिवाळ्यात खाल्ला. आर्लिसबाईंचा खोकला छातीत उतरला. डॉक्टर चिडले. “फक्त सप्टेंबरपर्यंत,” त्या दर खेपेला सांगायच्या.

सप्टेंबरात शाळा उघडली आणि सात नंबरच्या वाटेवर नवी बस निघाली. कर्टिस कॅमेरा घेऊन शाळेच्या दारात उभे होते, शेजारी शिक्षक, हातात फुगे. बस ठरल्या मिनिटाला, जराही आवाज न करता, येऊन उभी राहिली. दार उघडलं. कोणीच उतरलं नाही.

“मुलं कुठायत?” कर्टिस यांनी विचारलं.

“आली नाहीत. सगळ्या घरांसमोर थांबले, अगदी वेळेवर. फाटकात कोणी नाही. मला वाटलं, साथ आली असेल.”

“सगळ्याच घरांत? आणि तुम्ही विचारलं नाहीत?”

“आपण कशाला विचारायचं कोणाच्या घरी?”

कचेरीतला फोन वाजत होता. आईबाप एकामागून एक, अतिशय नम्रपणे, विचारत होते, “गडबड नाही हो, पण बस आज पुलावर कधी येणार? मुलं बूट घालायची थांबलीत.”

कर्टिस यांनी कपाळावर हात मारला. “आर्लिसबाई, परत जा. प्रत्येक घरासमोर हॉर्न वाजवा.”

“मी? माणसांवर?”

“इलाज नाही.”

पहिलं घर इंग्वाल्डचं होतं. त्याची नात याच बसने यायची. आर्लिसबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, डोळे मिटले आणि हॉर्न दाबला. दार उघडून इंग्वाल्ड सपाता घालूनच धावत आला. हातातली कॉफी हिंदकळत होती आणि तोंड उतरलं होतं.

“आर्लिस,” तो म्हणाला, “अजून ती अकरा नंबर मनात ठेवून आहेस होय?”

आर्लिसबाईंनी बोलायला तोंड उघडलं. सवयीने क्षणभर खोकल्यासाठी थांबल्या. खोकला आला नाही. सकाळपासूनच आला नव्हता. मग त्यांना जे हसू फुटलं, ते कितीतरी वर्षांत पहिल्यांदा मध्येच न अडकता शेवटपर्यंत गेलं.

“नातीला पाठव,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “आणि मी हॉर्न वाजवला हे कोणाला सांगू नकोस.”

तो एकच हॉर्न गावभर ऐकू गेला आणि पुढच्या प्रत्येक फाटकात मुलं बूट घालून उभी होती. दुपारपर्यंत आर्लिसबाई इंग्वाल्डवर भयंकर भडकल्याची बातमी गावभर झाली. का भडकल्या, हे त्यांना विचारलं मात्र कोणीच नाही.