माझ्या बाजूचा खड्डा

गादी एकट्यानं फिरवायची नसते, हे मला आता पटलं आहे. (पटायला कमरेचा बळी द्यावा लागला.)

त्याचं असं झालं. बायको मुलीच्या बाळंतपणाला म्हणून गेली, ती नातवाला दात आले तरी तिकडेच. मी कचेरीत आवक-जावक सांभाळतो. घरात मात्र नुसतीच जावक झाली होती. संध्याकाळी बोलायचं कोणाशी, तर कुकरशी. तो निदान शिट्टी तरी देतो.

आमच्या डबलबेडच्या गादीत माझ्या बाजूला माझ्या आकाराचा खड्डा पडलाय. तिची बाजू सपाट. तिकडे सरकून झोपलो असतो, तर भागलं असतं. पण तसं केलं की ती घरात नाही हे कबूल केल्यासारखं होतं, आणि तेच मला नको होतं. म्हणून मी ठरवलं, गादीची डोक्याकडची बाजू पायाकडे करायची. सपाट भाग माझ्याकडे येईल आणि तिची जागाही तिचीच राहील.

गादी अर्धी फिरली आणि 'कट्' असा आवाज आला. मला वाटलं, पलंग मोडला. पलंग शाबूत होता. उरलेली गादी कण्हत कण्हत कशीबशी फिरवली.

"एका बोटानं दाखवा, कुठं दुखतं?" फिजिओथेरपिस्ट बाईंनी विचारलं.

मी पँटच्या मागच्या खिशाच्या वर बोट टेकवलं.

"पाठीच्या कण्याचं खालचं टोक कमरेच्या मोठ्या हाडाला जिथं जुळतं ना, तो सांधा रुसलाय. फक्त डावीकडचा. घरी मदतीला कोण आहे?"

"आहे ना, बायको." (खोटं नव्हतं. बायको आहे. घरी नाही, एवढंच.)

"नुसतं लोळत राहू नका. थोडं थोडं चाला, शेक घ्या, हे व्यायाम करा. आणि कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी."

घरात उशा दोनच. माझी डोक्याखाली, म्हणून तिची घेतली. तिला अजून तिच्या तेलाचा वास होता. (गुडघ्यांना नाक नसतं, ठाऊक आहे. आधी थोडा वेळ मी ती नाकाशीच धरायचो.)

"कसे आहात?" तिनं फोनवर विचारलं.

"ठणठणीत!"

"मग महिनाभर अजून राहू का? बाळ चालायला लागेल."

"राहा की! मला कसली अडचण?"

फोन ठेवला आणि स्वतःलाच शिव्या घातल्या. 'ये' हा एका अक्षराचा शब्द, पण माझ्या तोंडातून निघेल तर शपथ.

रविवारी तिनं व्हिडिओ कॉल केला. मी आडवा होतो. फोन हातातून निसटला आणि नको ते दिसलं.

"अहो, ती माझी उशी ना? पायांत कशी?"

"पायांत नाही, गुडघ्यांत. फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलंय."

"दुखतंय?"

"थोडंसं. उठताना. बसताना. मधे बरं असतं."

ती "येते मी," एवढंच म्हणाली.

माझ्यासाठी येत होती! मी घर झाडलं, तिच्या उशीला ऊन दाखवलं, धुतलेला अभ्रा घातला. दुखणं पार विसरलो. ती येईपर्यंत थोडं शिल्लक राहावं, एवढीच काळजी होती.

दुपारी टॅक्सी थांबली. मी धावत (म्हणजे माझ्या मानानं) दारात गेलो. ती उतरली, एक हात कमरेखाली दाबून.

"नातवाला उचलून उचलून माझीही गेली," ती म्हणाली. "तुमच्या त्या बाई चांगल्या आहेत ना? म्हटलं, तिथं नवीन कोण शोधत बसा."

म्हणजे ती बाईंसाठी आली होती. तरी खरं सांगतो, मला इतका आनंद झाला की बॅग उचलायलाच वाकणार होतो.

तिनं पलंगावर अंग टाकलं आणि ओरडली, "माझ्या बाजूला खड्डा कोणी पाडला?"

मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, माझ्या सपाट बाजूला सरकली, एक उशी डोक्याखाली घेतली आणि दुसरी गुडघ्यांत. दुसऱ्यासाठी खड्डा खणणारा स्वतःच त्यात पडतो म्हणतात. मी तर खणला होता स्वतःसाठीच. मुकाट्यानं तिच्या जागेवर, माझ्याच खड्ड्यात, बिनउशीचा आडवा झालो आणि हळूच तिच्याकडे वळलो.

"हलू नका," ती म्हणाली. "गादी हलली की माझं दुखतं."