कडावच्या मिसबाईंचं नाव

आपल्याला मराठी उत्तम येतं, याबद्दल कडावच्या मिशन हाउसमधल्या मिसबाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पुण्याच्या एका शास्त्रीबुवांनी त्यांना वर्षभर शिकवलं होतं. 'किंबहुना', 'तथापि', 'यद्यपि' हे शब्द त्या डोळे मिटून अचूक जागी बसवत. दवाखान्यात खोकणारा माणूस आला, की त्या विचारत, "हा कास आपणास केव्हापासून पीडा देत आहे?" आणि तो बापडा खोकायचं विसरून त्यांच्याकडे बघत बसे. शास्त्रीबुवा मोठे सोवळे गृहस्थ होते. त्यांनी शिकवलेल्या मराठीत एकही शिवी नव्हती. सगळा घोटाळा झाला तो तेवढ्यामुळे.

कारण मिसबाईंचं नाव होतं आयला. आयला मॅकरे. त्यांच्या स्कॉटलंडात म्हणे हे नाव फार गोड समजतात.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी त्या कर्जत स्टेशनात उतरल्या, तेव्हा मिशनचे शिमोन मास्तर त्यांना न्यायला आले होते. बरोबर गाडीवान गोमा होता. गोमानं त्यांची लोखंडी ट्रंक उचलली, तेवढ्यात बाईंनी हात जोडले आणि स्वच्छ मराठीत सांगितलं, "मी आयला."

गोमानं आधी ट्रंकेकडे बघितलं, मग बाईंच्या पायाकडे. "लागलं का बाई?" त्यानं काळजीनं विचारलं.

मास्तरांना जोराचा ठसका लागला. वाटेत त्यांनी गोमाला बजावून ठेवलं की बाईंना नावानं हाक मारायची नाही, मिसबाई म्हणायचं. मिशन हाउसचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या गौराबाईंनी ते नाव ऐकलं आणि पोरीच्या आईबापांना दुसरं काही सुचलं नाही का, असं भिंतीला विचारलं. मग त्यांनीही गावभर तोच हुकूम फिरवला. बाईंना त्यांनी इतकंच सांगितलं, की मोठ्या माणसाला नावानं हाक मारणं आपल्याकडे बरं दिसत नाही. ते काही खोटं नव्हतं.

पण थोड्याच दिवसांत भिसेगावच्या पुढं गाडीचं चाक दगडावर चढलं, गोमाचा गुडघा दांडीवर आपटला, आणि त्याच्या तोंडून अगदी पोटातून शब्द आला, "आयला!"

"बोला गोमा," मागून मिसबाई म्हणाल्या.

गोमानं जीभ चावली आणि बैलांना उगाचच पळवलं.

त्यानंतर मिसबाईंना तो शब्द जिकडेतिकडे ऐकू यायला लागला. विहिरीवर दोर तुटला, आयला. खळ्यावर विंचू निघाला, आयला. ओढ्यात मोठा मासा गळाला लागला, तरी आयला. बाईंचं मन भरून आलं. समोर आदरानं मिसबाई म्हणणारी ही माणसं सुखात आणि दुःखात आपलं नाव घेतात! त्यांनी गौराबाईंना या शब्दाबद्दल विचारलं. गौराबाई डाळ घोटत होत्या. त्यात आईची माया असते, असं काहीतरी पुटपुटून त्या लाकडं आणायला म्हणून ज्या परसात गेल्या, त्या डाळ करपेपर्यंत आल्या नाहीत. मग बाईंनी शिमोन मास्तरांना विचारलं. मास्तर नगरकडचे, विद्वान. ते म्हणाले की व्युत्पत्ती पाहू गेल्यास त्या शब्दात आई आहे खरी. आणि त्यांनी घाईघाईनं पेटीवर भजनाची चाल धरली.

म्हणजे हे लोक आपल्याला आई मानतात, असा मिसबाईंनी अर्थ लावला. आणि लेकरानं हाक मारल्यावर आईनं जायला नको का? तो शब्द कानावर पडला, की बाई औषधांची काळी पेटी घेऊन हजर व्हायच्या. पारावर पत्ते खेळताना गावातल्या पोपटला वाईट पानं आली आणि तो आयला म्हणाला, तर त्याला भर पारावर जीभ काढून दाखवावी लागली आणि वर एरंडेलाचा मोठा चमचा घ्यावा लागला. पोपटनं त्या दिवसापासून पत्ते सोडले.

पुढं एका दुपारी म्हातारे आबाजी पेंढ्याच्या उडवीवरून खाली आले. जवळपास चिटपाखरू नव्हतं. त्यांनी घातलेली शिवी दोन शेतं ओलांडून मिशन हाउसच्या खिडकीतून आत गेली. मिसबाई पायातले बूट हातात घेऊन बांधावरून धावत सुटल्या. आबाजींचं पायाचं हाड मोडलं होतं. बाईंनी बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला, गोमाला हाक मारून त्यांना घरी पोचवलं, आणि पुढं कितीतरी दिवस रोज जाऊन तो पाय बघितला. आबाजी काठी टेकत का होईना, पण चालायला लागले. तेव्हापासून गावानं बाईंना हसणं सोडून दिलं. त्यांना खरा अर्थ सांगायचा धीर तर आता कुणालाच होईना.

लढाई संपली, त्यानंतरच्या हिवाळ्यात बातमी आली. परदेशातून येणारी मदत आटली होती. या भागातल्या दोन मिशन हाउसपैकी, कडावचं आणि खालापूरकडचं, एक बंद करायचं असं पुण्याच्या कमिटीत ठरत होतं. दोन्ही बघून सांगायला रेव्हरंड टर्नबुल साहेब यायचे होते, शनिवारी कडावला.

मिसबाई हिशोब करायला बसल्या. साहेबांना दाखवायचं काय? दवाखान्याच्या छपराची कौलं गेली होती. ख्रिस्ती घरं एका बैलगाडीत मावतील एवढी. रविवारच्या उपासनेला गर्दी व्हायची, पण त्यातले निम्मे औषधासाठी आलेले असत आणि सावली प्रार्थनाघरातच बरी म्हणून बसत. बाईंनी विचार केला आणि गौराबाईंना मोठ्या विश्वासानं सांगितलं, की कौलं नसली तरी चालेल, इथले लोक उठताबसता माझं नाव कसं घेतात ते साहेब स्वतःच्या कानांनी ऐकतील. मी त्यांना तसं आधीच कळवलंय.

गौराबाईंच्या हातून पळी पडली. टर्नबुल साहेबांचा उभा जन्म पुण्या-नगरकडं गेला होता. त्यांना शास्त्रीबुवांचं मराठी येत होतं आणि मोटारस्टँडवरचंही.

त्याच संध्याकाळी गौराबाई आणि शिमोन मास्तर घरोघर हिंडले. सोमवारपर्यंत गावात कुणी तो शब्द काढायचा नाही, बाईंच्या अब्रूचा प्रश्न आहे, असं त्यांनी सगळ्यांना विनवलं. गावानं कबूल केलं, आणि पाळलंही.

शनिवारी स्टेशनातून येताना बैलानं गोमाच्या पायावर पाय ठेवला. गोमानं डोळे घट्ट मिटले आणि नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणला. विहिरीवर पोपटच्या अंगठ्यावर भरलेली कळशी पडली. तो एका पायावर उभा राहून आभाळाकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंडातून अक्षर नाही. मिसबाई साहेबांना घेऊन खळ्यावर गेल्या, पारावर गेल्या, सुताराकडे गेल्या. सुतारानं हातोडी बोटावर मारून घेतली आणि नुसता हसला. संध्याकाळी चहा पिताना साहेबांनी हळूच विचारलं, की इथली माणसं नेहमीच अशी दुःखी असतात का?

मिसबाई उठल्या आणि एकट्याच प्रार्थनाघरात जाऊन बसल्या. आज गावानं आपलं नाव टाकलं ते का, हे त्यांना तिथं गुडघे टेकल्यावर उमगलं, निदान तसं वाटलं तरी. ज्या प्रभूची सेवा करायला आपण घर सोडून आलो, त्याचं नाव लोकांच्या तोंडी यावं म्हणून आपण किती झटलो? आपण तर आपल्याच नावाकडे कान लावून बसलो होतो. तो अभिमान देवानं आज उतरवला. मिशन हाउस राहिलं काय, गेलं काय, पण लोकांना खरं ते सांगायलाच हवं. एवढं ठरल्यावर त्यांना फार हलकं वाटलं आणि त्या दोन चपात्या जास्त जेवल्या.

रविवारी प्रार्थनाघर भरलं होतं. टर्नबुल साहेब पुढच्या बाकावर बसले होते. गीत झालं, आणि मिसबाई उभ्या राहिल्या.

"बंधुभगिनींनो," त्या म्हणाल्या, "आपणास ठेच लागते, तेव्हा आपल्या मुखी माझे नाव येते. बैल बिथरतो, तेव्हा माझे नाव येते. मी ते अनेक वर्षे ऐकत आले आणि मनात सुखावत आले. तथापि ते योग्य नव्हे. आजपासून कोणीही आयला म्हणू नये. प्रभू म्हणावे."

शिमोन मास्तरांनी पेटीवर डोकं टेकलं. बायकांनी तोंडात पदर कोंबले. साहेबांची मान खाली गेली होती आणि खांदे गदगदा हलत होते. मागच्या लोकांना वाटलं, साहेब रडतायत.

"पन बाई," मागून कुणीतरी प्रामाणिकपणे विचारलं, "इतक्या वर्साची सवय, एकदम सुटंल कशी?"

साहेबांचे खांदे आणखी जोरात हलले. बाक जुना होता, साहेब वजनदार होते. कड्कन बाकाचा पाय मोडला, बाक एका अंगाला कलला आणि साहेब कोपरावर आदळले. त्या भरल्या प्रार्थनाघरात त्यांचा खणखणीत आवाज घुमला.

"आयला!"

"आले, साहेब," म्हणत मिसबाई काळी पेटी घेऊन धावल्या.

कोपराला पट्टी बांधून झाल्यावर साहेबांनी त्यांना व्हरांड्यात नेलं आणि त्यांच्या भाषेत, फार हळुवारपणे, सगळं समजावून सांगितलं. बाई आधी पांढऱ्या पडल्या, मग लाल झाल्या. गौराबाईंनी चेहरा पदरानं झाकलेला बघून त्यांची खात्री पटली. त्या आत गेल्या आणि खोलीचं दार लावून घेतलं.

लोक अंगणात बसून राहिले. औषध मागायचं कुणाला सुचेना. शेवटी आबाजी काठी टेकत उठले आणि त्या दारापाशी गेले.

"मिसबाई," ते म्हणाले, "शिवी आमची, ती आमाला लागू दे. पन मी उडवीवरनं पडलो तवा लई जनांची नावं घेतली. आल्या तर तुमीच. आता तुमी दार लावून बसल्या, तर आमी वरडायचं कुनाला, ते तरी सांगा."

मग कडी वाजली. बाईंचे डोळे सुजले होते.

"पाय दुखतो का अजून?" त्यांनी विचारलं. 'पीडा देतो का' असं नाही.

"थंडीत ठणकतो."

"बसा इथं. बघू."

आबाजींच्या मागं अंगणातली सगळी रांग लागली. मिसबाई उन्हं कलेपर्यंत औषधं देत होत्या, आणि साहेब मोडक्या बाकाचा उरलेला तुकडा भिंतीला टेकवून त्यावर बसून बघत होते. जेवताना त्यांनी सांगितलं, की खालापूरकडचं मिशन हाउस ते आधीच बघून आले होते. तिथली कौलं फार सुंदर आहेत. व्हरांड्यात मात्र दिवसभर त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. कमिटीला काय सांगायचं ते ठरलंय, कडावचं दार उघडंच राहील. गौराबाईंनी हे ऐकून त्यांच्या पानात न विचारता आणखी एक कोंबडीची तंगडी वाढली.

सोमवारी मिसबाई साहेबांना पोचवायला कर्जतला निघाल्या. भिसेगावपाशी डावीकडचा बैल रस्त्यातच बसला. गाडीची वेळ होत आली होती. गोमानं शेपटी पिरगळली, काठी टोचली. मग त्याला कालचा उपदेश आठवला आणि तो बैलाच्या कानाशी वाकून मोठ्या भक्तिभावानं "प्रभू" म्हणाला. बैल रवंथ करत राहिला. गोमानं एकदा मागं बघितलं, मनाशी काही ठरवलं, आणि त्या बैलाला, त्याच्या आधीच्या मालकाला, त्या मालकाच्या आजोळच्या सगळ्या माणसांना एका दमात अशी काही लांबलचक बिरुदं लावली, की बैल ताडकन उठला आणि दुडक्या चालीनं स्टेशनाकडे निघाला.

टर्नबुल साहेब माथेरानचा डोंगर फार लक्ष देऊन बघायला लागले.

मिसबाईंनी शेवटचा शब्द होईपर्यंत नीट ऐकून घेतलं, छत्री उघडली आणि समाधानानं म्हणाल्या, "यात मात्र माझं नाव कुठं नव्हतं."