लेप वाळेपर्यंत

पी.टी.च्या निवृत्त मास्तरांच्या पायांची खाज काही केल्या जाईना, तेव्हा डॉक्टरांनी जिलेटिनचा औषधी लेप दिला. पांढरी घट्ट वडी. वाटीत घालून गरम पाण्यावर पातळ करायची आणि ब्रशने पायांना फासायची. वाळली की मोज्यासारखी बसते. "वाळेपर्यंत हलायचं नाही हं!" असं बजावून, उरलेल्या लेपाची वाटी गरम पाण्याच्या पातेल्यातच ठेवून, दार नुसतं लोटून, मास्तरीणबाई भाजी आणायला गेल्या.

मास्तर हलले नाहीत. नुसते झोपले, आणि झोपेत पायावर पाय टाकला. जाग आली तेव्हा दोन पायांचा एक पाय झाला होता.

कोमट पाण्याने सुटेल, एवढं त्यांना सुचलं. पण स्वयंपाकघर गाठायचं कसं? मास्तरांनी जोडपायांनी उडी मारली. धप्! आणखी एक. धप्! तेवढ्यात दार ढकलून खालच्या मजल्यावरचे वकील आत शिरले. मास्तरांच्या रोजच्या दोरीवरच्या उड्यांपायी दोघांची वर्षभर बोलाचाल बंद होती.

"सकाळचं पुरेना म्हणून आता दुपारीही?"

"हौसेनं मारतोय का? पाय चिकटलेत माझे!"

वकिलांनी वाकून पाहिलं आणि हसू दाबता दाबता त्यांचा रागच पळाला. "बसा खुर्चीत. सोडवतो."

"आत कोमट पाणी आहे, ते आणा."

वकिलांचा चष्मा खालीच राहिला होता. पातेल्याऐवजी त्यांनी त्यातली वाटीच उचलून आणली. "साबण कालवलेला दिसतोय," म्हणत सगळी पायांवर ओतली आणि खाली बसून दोन्ही हातांनी घोटे चोळायला लागले.

"अहो, तो लेप आहे!"

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

चूक कोणाची यावर दोघांची चांगलीच जुंपली. डोक्यावर पंखा गरगरत होता. वकिलांनी हात ओढले, तर खुर्चीसकट मास्तर पुढे आले.

मास्तरीणबाई परतल्या त्या दारातच थबकल्या. वर्षभर तोंड फिरवणारा माणूस नवऱ्याचे पाय धरून बसला होता! त्यांना गहिवरून आलं.

"अहो भाऊजी, एवढं कशाला? चूक आमचीही होतीच की!" आणि वकिलीणबाईंना हाक मारायला त्या जिन्याकडे धावल्या. "वहिनी, वर या लवकर! भाऊजींनी पाय धरले!"

"वहिनी, ऐका तरी..." वकील ओरडले. पण तोवर अर्धी इमारत दारात जमली होती.

मास्तरांनी दाराकडे पाहिलं, मग पायांशी बसलेल्या वकिलांकडे. असा योग पुन्हा येणार नव्हता. ते ताठ बसले.

"उठा वकील. विसरलो मी सगळं."

"मास्तर," वकील दातओठ खात पुटपुटले, "उद्यापासून खुशाल उड्या मारा. पण आत्ता कोमट पाणी मागवा!"

मास्तरांनी प्रसन्न चेहऱ्याने बायकोला हाक मारली.

"अगं, आधी सगळ्यांना चहा टाक."