गवेसाहेबांची तपासणी आणि एक हट्टी राशी

एका जंगलात, बाळांनो, गणित फार पुढे गेले होते. इतके पुढे, की पडताळा मागे राहिला तरी कोणाच्या लक्षात आले नाही.

तिथल्या शाळेत साळिंदरबाई बीजगणित शिकवीत. अकरा वर्षे शिकवीत होत्या आणि अकराही वर्षे तात्पुरत्या होत्या. यंदाची तपासणी नीट पार पडली की त्या कायम होणार होत्या. बिचारीने त्या दिवशी काटेसुद्धा विंचरले होते.

तपासणीला गवेसाहेब आले. त्यांनी फळ्यावर एक राशी लिहिली: क्ष वर्ग अधिक तीन क्ष अधिक पाच. म्हणाले, हिचे अवयव पाडा.

रीत तुम्हाला ठाऊक आहेच. गुणाकार पाच आणि बेरीज तीन येईल असे दोन आकडे शोधायचे. बाईंनी एक आणि पाच घेतले, बेरीज सहा आली. उणे एक, उणे पाच घेतले, उणे सहा आली. मग तीनच्या वर्गातून चार पाचे वीस वजा केले, तर उणे अकरा उरले. उण्याचे वर्गमूळ शाळेत तरी मिळत नाही.

“साहेब, हिचे अवयव पडत नाहीत,” त्या हळूच म्हणाल्या.

साहेब दुखावले. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत न पडणारे अवयव आपण पाहिलेले नाहीत, असे त्यांनी सुनावले. ते खरेच होते. साहेब मूळचे इतिहासाचे.

तेवढ्यात शेजारच्या वर्गावरचे कोल्हेसर पुढे झाले. तेही तात्पुरतेच. त्यांनी ‘क्ष अधिक एक’ गुणिले ‘क्ष अधिक पाच’ असे ठोकून दिले. साहेबांनी मान डोलावली.

बाईंना राहवले नाही. त्यांनी गुणाकार करून दाखवला. मधे तीन क्षच्या जागी सहा क्ष आले.

“मागितले तीन, दिले सहा,” कोल्हेसर नम्रपणे म्हणाले. “शाळेची प्रगती आहे, साहेब.”

मला त्या कोल्ह्याचा अजून राग येतो. साहेबांना मात्र तो फार आवडला. बाईंना त्यांनी शेवटची संधी दिली: सरांच्या उत्तराखाली सही करा आणि कायम व्हा.

बाईंनी खडू खाली ठेवला.

“साहेब, उद्या मुले गुणाकार करून बघतील.”

“मग गुणाकार अभ्यासक्रमातून काढू,” साहेब म्हणाले.

कोल्हेसर त्याच दिवशी कायम झाले. बाईंना नारळ मिळाला. अहवालात साहेबांनी शेरा मारला: राशी सोपी होती, बाई अवघड आहेत.

तात्पर्य: अवयव पडत नाहीत हे ओळखायला गणित पुरते, ते बोलून दाखवायला आधी कायम नेमणूक लागते.