डावीकडची काजं

मी मालिकेतल्या एका मुलीला साडी नेसवली आणि माझ्या शिंप्यानं माझी पँट शिवायचं बंद केलं. चूक माझी होती. ती कळायला मला तीन आठवडे लागले. तेवढ्या काळात मी बेळगावच्या बाजारातून एक तयार पँट घेऊन तीच घालत होतो. पुढून बरी दिसायची. मागून कशी दिसते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शिंपी म्हणजे आमचे आप्पा. बेळगावजवळच्या कंग्राळी गावात आमच्या गल्लीच्या तोंडालाच त्यांचं दुकान. मशीनसमोर, इस्त्रीच्या टेबलाच्या टोकाला एक टीव्ही आहे. तो दिवसभर चालू असतो आणि त्याचा आवाज कायम बंद असतो. टीव्ही बिघडलेला नाही. आवाज आप्पांनीच बंद केलाय. ‘मशीन चालू असलं की ऐकाय येत न्हाय,’ हे कारण नव्या गिऱ्हाइकांसाठी. माझ्यासारख्या जुन्याला ते खरं सांगतात.

“तोंडानं माणूस काय बी बोलतंय, मास्तर. अंगावरचं कापड बघावं.”

आणि ते बघतातच. बातम्यांत दोन माणसं तावातावानं भांडत असली की आप्पा सांगणार, “त्या डाव्याचा कोट दुसऱ्याचा हाय. त्याचं काय ऐकायचं?” एकदा एका मालिकेत घरातला कर्ता पुरुष अपघातात गेला. गल्लीतल्या बायका दुकानाच्या दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या. आप्पांनी सुईत दोरा ओवता ओवता एकदा वर बघितलं. “हा मेला न्हाय. मरायला निघालेलं माणूस शर्टाला इस्त्री मारून जातंय व्हय?” पंधरा दिवसांनी तो परत आला. त्या दिवसापासून मालिकेत पुढं काय होणार ते विचारायला बायका आप्पांकडं येतात.

त्यांचा आवडता शब्द ‘उसवा’. बाही चुकली, उसवा. गल्लीतली गटार चुकीच्या बाजूनं काढली, उसवा. एका पाहुण्यानं सीमाप्रश्नावर मत विचारलं, तर म्हणाले, “कापणाऱ्यानं अंगाला लावून बघितलंच न्हाय.” आणि मशीन सुरू केलं.

दुसरी खोड मापाची. मी दर दोन महिन्यांनी गेलो तरी नव्यानं माप घेणार. जुनं माप वहीत आहे म्हटलं, तर टेप माझ्या पोटाभोवती आवळून म्हणणार, “माणूस दोन म्हैन्यात बदलतंय. अंदाजानं कापणारा शिंपी न्हवं.”

आता माझं. मी हायस्कुलात मराठी शिकवून रिटायर झालो. माझा एक जुना विद्यार्थी मालिका काढतो. कबड्डी खेळणाऱ्या कॉलेजच्या पोरापोरींची मालिका होती आणि त्यांना आमच्याकडची भाषा हवी होती. शूटिंग कोल्हापूरला. “सर, तुम्ही फक्त संवाद लिहा,” तो म्हणाला. मालिकेचं नाव सांगत नाही. सांगितलं तर शोधून बघाल.

त्या मालिकेत रंजी नावाची एक मुलगी होती. केस बारीक, अंगात शर्ट, चाल कबड्डीच्या चढाईची. असल्या मुलीचं मालिकेतलं आयुष्य आधीच ठरलेलं असतं. पहिल्या भागात ती कुणाला तरी आडवं पाडते. विसाव्यात नायक तिला ‘भावा’ म्हणतो आणि ती कोपऱ्यात जाऊन रडते. साठाव्यात ती साडी नेसून जिन्यावरून खाली येते, सगळ्यांची तोंडं उघडी राहतात. ती आतून कोण आहे, हे विचारायला कुणाला सवड नसते. मध्ये जाहिराती असतात.

आणखी एक पोरगा होता, नाजूक चालीचा, डोळ्यांत काजळ घालणारा. त्याला तर आयुष्यही दिलं नव्हतं, नुसता आवाज दिला होता. तो पडद्यावर आला की मागं ‘टुईंऽऽग’ व्हायचं आणि लोकांनी हसायचं. मीही लिहिताना हसायचो. आप्पांना मात्र तो आवाज कधी ऐकूच आला नाही, त्यामुळे हा पोरगा विनोदी आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

“चांगलं पोरगं हाय,” ते म्हणायचे. “कुडत्याची पट्टी बघा, कशी सरळ. घरात कुणाचं तरी ध्यान हाय त्याच्यावर.”

रंजीबद्दल मात्र पहिल्या दिवसापासून तक्रार. “मास्तर, ह्या पोरीनं शर्ट घातलेला न्हाय. शर्ट हिच्यावर चढवलाय. खांदा बघा, कोपरापतुर आलाय.”

“ढगळा मुद्दाम दिलाय आप्पा. गंमत वाटावी म्हणून.”

“कुणाला?”

मी पँटच्या कापडाचा विषय काढला. मी संवादलेखक होतो, तरी.

साठावा भाग लागला त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन दुकानात गेलो. रंजी जिन्यावरून उतरली. मोरपंखी साडी, कानांत झुमके. सगळ्या कॉलेजनं टाळ्या वाजवल्या. माझं वाक्य होतं, ‘आज खरी रंजी दिसली!’ ते दुकानात अर्थातच ऐकू आलं नाही, म्हणून मीच मोठ्यानं म्हणून दाखवलं. आप्पांनी मशीन थांबवलं. माझ्या पँटचं कापड मापून, खडूच्या रेघा मारून तयार होतं. त्यांनी त्यावरचा खडू झटकला, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. पेढा घेतला नाही.

मला वाटलं, शिलाईबद्दल काही असेल. बायकोला विचारलं. ती म्हणाली, “तुम्हाला काय कळतंय आणि काय न्हाय, ह्याची यादी करायची तर वही लागंल.”

तीन आठवडे मी दुकानावरून मान खाली घालून जात होतो. शेवटी एका दुपारी आत शिरलो आणि सरळ विचारलं, “आप्पा, माझं काय चुकलं?”

आप्पा काजं करत होते. मान वर न करता म्हणाले, “बायकांच्या शर्टाचं काज कुठल्या बाजूला असतंय?”

“शर्टाला काज असतं एवढं माहीत आहे.”

“उजवीकडं. गड्याचं डावीकडं.” त्यांनी दोरा दातानं तोडला. “आमचं मंगल चौदा वर्साचं हुतं. म्हणालं, आप्पा, मला शर्ट शिवा. पण काजं डावीकडं घाला.”

मंगल म्हणजे त्यांचं एकुलतं एक पोरगं. काकू, म्हणजे मंगलची आई, लवकर गेल्या, त्यामुळं ते ह्याच दुकानात, कापडाच्या चिंध्यांत वाढलं. मी त्याला दहावीला मराठी शिकवलं होतं. फ्रॉकमध्ये मी मंगलला बघितल्याचं आठवत नाही. आठ वर्षांपूर्वी नोकरीसाठी निपाणीला गेलं, एवढंच मला माहीत होतं.

“मी उजवीकडं घातलो,” आप्पा म्हणाले. “पोरीच्या जातीला उजवीकडंच असतंय म्हटलो.  ते शर्ट घातलंच न्हाय कधी. मग आमच्या भाचीच्या लग्नात आत्त्यांनी धरून त्याला साडी नेसवली. ब्लाऊज मीच शिवलेला. लई झ्याक बसला हुता, मास्तर, एक सुरकुती न्हवती. मांडवात आलं तशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बी वाजवलो.”

टीव्हीवर कुणीतरी आवाजाशिवाय हसत होतं.

“त्यानं माझ्याकडं बघितलं. तसं कुणी बघू ने. पुढच्या म्हैन्यात निपाणीला गेलं ते आलंच न्हाय. फोन करतंय. जेवलासा काय, गोळी घेतलासा काय. बास.”

“आप्पा, मंगल म्हणजे... मुलगी की...”

“मला काय ठावं? इचारायच्या आधीच मी कापड कापलो.”

मग ते उठले आणि कपाट उघडलं. आत आठ शर्ट होते, दर दिवाळीचा एक. एकाही कॉलरला घामाचा डाग नाही. सगळ्यांची काजं डावीकडं.

“माप?” मी विचारलं.

आप्पांनी कपाटाचं दार लावून घेतलं. “अंदाजानं,” म्हणाले. “दर वर्सी खांद्याला जरा वाढवतोय.”

त्या संध्याकाळी मी मालिकेची गोष्ट ठरवणाऱ्या वाहिनीच्या मॅडमना फोन लावला. रंजीला परत शर्ट द्या म्हणालो. त्या म्हणाल्या, “सर, साडीवाला भाग किती चालला माहितेय ना? आता ती केस वाढवतेय.” मी म्हणालो, निदान एक प्रसंग द्या. ती साडी काढून ठेवते, आरशासमोर मापाचा शर्ट घालते, बटणं लावते. बस्स. “संवाद?” संवाद नाही. “मग तुम्ही काय लिहिणार?” हा प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, काजं डावीकडं हवीत एवढं लिहीन. “सर, तब्येत बरी आहे ना?” पलीकडून विचारलं. माझ्या वयाबद्दल विचार चालला असावा.

मी चाळीस वर्षं मुलांवर ओरडलो आहे. तो अनुभव त्या फोनवर कामी आला. प्रसंग मिळाला. पुढं तो कापून कापून अर्ध्या मिनिटाचा केला, पण मिळाला. कपडेपटातल्या माणसाला मी स्वतः कोल्हापूरला जाऊन काजं दाखवली. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या पँटकडं बघितलं, आणि परत काजांकडं वळला.

तो भाग लागला तेव्हा मी दुकानात दाराशी उभा होतो, पेढ्यांशिवाय. रंजीनं शर्ट घातला. खांदा खांद्यावर होता. वरून खाली एकेक बटण लावलं, आरशात बघितलं आणि हसली. इतकंच. आप्पांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. तोवर जाहिरात लागली होती.

“डावीकडं हुती,” ते म्हणाले.

मग कपाटातून सगळ्यात नवा शर्ट काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि वर गळ्यातली टेप ठेवली. “कोल्हापूरला जाताना निपाणी लागतंय न्हवं? हे द्या. आनि देत असलं तर माप घेऊन या.”

मला माप घ्यायला शिकवण्यात एक तास गेला. आप्पा पुतळ्यासारखे उभे आणि मी त्यांच्याभोवती टेप घेऊन प्रदक्षिणा घालतोय, हे बघायला गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. त्या दिवशी टीव्हीकडं कुणी बघितलं नाही.

बेळगावाहून निपाणी बसनं दीड-दोन तास. आठ वर्षांत बापलेकांना न ओलांडता आलेलं अंतर मी खिडकीशी शेंगा खात ओलांडलं. मंगल ट्रॅक्टरच्या दुकानात सुट्या भागांच्या काउंटरला होतं. केस बारीक, तयार शर्ट, बाह्या दुमडलेल्या. मला बघून पटकन पाया पडलं. “मास्तर, तुम्ही?”

“बाळ, एक आधीच विचारतो,” मी म्हणालो. “तुला मी आता काय म्हणून हाक मारू?” शिकलेलं ताबडतोब वापरायची माझी जुनी सवय.

मंगल थोडं हसलं. “आप्पा काय म्हणत्यात?”

“आमचं पोरगं.”

“मग तसंच म्हणा. मंगल हायच की.”

मी पुडकं दिलं. मंगलनं वर्तमानपत्र सोडलं. शर्टाची घडी मोडली नाही, कॉलर बघितली नाही. आधी बोटानं काजांची पट्टी चाचपली आणि बोट पहिल्या काजावर थांबलं. काउंटरला एक शेतकरी फिल्टर मागत होता. त्याला दोनदा मागावा लागला.

“कधी शिवला?”

“ह्या दिवाळीला. असले आठ आहेत.”

मंगल आत गेलं आणि शर्ट घालून आलं. खांदा आखडला होता, बाही अपुरी. आप्पांनी दर वर्षी वाढवत आणलेला अंदाज तरीही दोन बोटं मागंच होता. मी घाईनं टेप काढली आणि प्रेमाचं काहीतरी मोठं वाक्य बोलायला तोंड उघडलं.

“मास्तर, टेप उलटी धरलासा.”

टेप माझ्या हातातून काढून मंगलनं स्वतःच माप घेतलं. खांदा, छाती, बाही, गळा, आप्पा घेतात त्याच क्रमानं. पावतीच्या पाठीमागं आकडे लिहिले, घडी घातली, मग परत उघडून खाली एक ओळ लिहिली. मी शहाण्यासारखा दुसरीकडं बघितलं. पण अक्षर मोठं होतं. ‘रविवारी येतो. बाकीचे सात उसवू नका, मी आल्यावर बघू.’

मी कागद खिशात घातला. डोळे भरून आले होते. मालिकेतला तो शर्टाचा प्रसंग मीच लिहिलाय, हे सांगायची हीच वेळ, असं मला वाटलं. सांगितलं.

“आणि साडीचा?” मंगलनं विचारलं.

“तोही मीच.”

मंगलनं टेप गुंडाळून माझ्या हातात दिली. मी बसची वेळ झाली म्हणून वळलो, दारापर्यंत पोचलो, तेव्हा मागून हाक आली.

“मास्तर!”

मी थांबलो. वाटलं, आता माफी मिळणार.

“ती पँट तयार घेतलासा व्हय? मागनं लई वंगाळ दिसत्या. उसवा.”