शिरसाठकाकूंचे पेशंट

माझी सायकल पहिल्यांदा पंक्चर झाली तेव्हा शिरसाठकाकूंनी मला फोनवर विचारलं, "अचानक गेली की हळूहळू?"

मी म्हटलं, "सकाळी उठून बघितलं तर टायर बसलेलं होतं."

"म्हणजे झोपेत. बारीक लीक असणार, घाबरण्यासारखं नाही. तू फक्त चाक फिरवू नकोस. पेशंटला हलवायचं नाही. आलेच मी."

दोह्यात फरीज बिन ओमरान भागात आम्ही समोरासमोरच्या बिल्डिंगमध्ये राहायचो. मी नवरा आणि मुलीसोबत, काकू एकट्या; त्यांचा मुलगा अमित कॅनडात. मूळच्या सिन्नरच्या, पंचावन्न वर्षांच्या, आणि इथल्या एका हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डच्या सिस्टर. दहा मिनिटांत त्या एक पांढरा डबा घेऊन दारात उभ्या. डब्यात सँडपेपर, सोल्युशन, पॅच, कापूस, चिमटा आणि घसा बघायची बारीक टॉर्च.

त्यांनी ट्यूब बाहेर काढली, तिच्यात थोडी हवा भरली आणि ती वरच्या ओठाजवळून हळूहळू फिरवत नेली. मला वाटलं, आता हिचा पापा घेतात की काय. "पाणी नसलं तरी चालतं," त्या म्हणाल्या. "ओठाला वारा लागतो. हे बघ, इथे."

मी उत्साहाने पॅच उचलला. काकूंनी माझं मनगट धरलं.

"काटा सापडला का?"

"भोक सापडलं ना."

"भोक ट्यूबला आहे. काटा टायरमध्ये आहे. तो आत ठेवून ड्रेसिंग करणाऱ्या मुली माझ्या वॉर्डात आठवडाभर टिकत नाहीत."

मग त्यांनी कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवला. एके ठिकाणी कापसाचे धागे अडकले. चिमट्याने ओढल्यावर पापणीच्या केसाएवढी तार बाहेर आली.

ते दिवस फुटबॉल वर्ल्डकपच्या तयारीचे होते. अख्खं दोहा खणून ठेवलेलं. काल होता तो रस्ता आज नसायचा आणि जो असायचा त्याच्या कडेला खिळे, काचा, सळया बांधायची तार, ट्रकच्या फुटलेल्या टायरांच्या चिंध्या. काकू या सगळ्याला "इन्फेक्शन" म्हणत. त्यांचे नियम ठरलेले होते. रस्त्याच्या अगदी कडेने जायचं नाही, कचरा तिथेच साचतो. काचेवरून गेलात तर लगेच उतरून टायर पुसायचं, कारण तुकडा पहिल्या फेरीत घुसत नाही, पुढच्या फेऱ्यांमध्ये आत जातो. आणि हवा रोज बघायची. कमी हवेने गतिरोधकावर आपटलात तर ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. हे सांगताना त्या "सर्पदंश" म्हणत आणि समोरच्याचा चेहरा पडला की खूश होत.

एकदा सूक वाकिफच्या जुन्या बाजारात आम्ही मसाले घ्यायला गेलो होतो. तिथे ओझी वाहणारे म्हातारे हमाल एकचाकी ढकलगाड्या घेऊन फिरतात. काकूंनी त्यातल्या एकाला भर गर्दीत थांबवलं, खाली वाकून चाक दाबलं आणि हिंदीत सांगितलं, "चाचा, हवा कम है. कमर में दर्द होता होगा." चाचांची कंबर खरंच दुखत होती. ते "शुक्रन, शुक्रन" करत राहिले. माझी मुलगी मला म्हणाली, "मम्मा, शी इज सो वीअर्ड." पण तिच्या स्वतःच्या सायकलला ती काकूंशिवाय कुणाला हात लावू देत नसे.

आमचा शुक्रवारचा सायकल ग्रुप होता. बहुतेक सगळे पुण्या-मुंबईचे इंजिनीअर, बोटाने उचलता येतील अशा हलक्या सायकली. काकूंची सायकल जुनी, लोखंडी, पुढे बास्केट. ग्रुपचे प्रमुख सबनीस एका स्टेडियमच्या कामावर मॅनेजर होते आणि सगळ्याच गोष्टींना "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, आटपा, करायची त्यांना सवय लागली होती. हिवाळ्यात दोह्याबाहेर समुद्रकाठच्या समैस्मापर्यंतची मोठी राइड ठरली. आमची कुटुंबं गाड्यांनी थेट तिथल्या समुद्रावर येणार होती. सबनीस काकूंना म्हणाले, "काकू, तुम्ही नाश्त्याच्या गाडीतून या ना. तुम्हालाही त्रास नाही, आम्हालाही नाही."

काकूंचा चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाल्या, "मी मागून येते. तुम्ही तुमचं यल्ला करा."

उजाडता उजाडता निघालो. काकू पहिल्या पंधरा मिनिटांतच दिसेनाशा झाल्या. मला वाईट वाटलं, पण मीही पुढच्यांबरोबर गेले, हे कबूल करायला हवं. दोहा मागे पडलं आणि एका डायव्हर्जनवर सबनीसांनी ट्रक टाळायला अगदी कडेची बाजू धरली. आम्ही त्यांच्या मागे. मिनिटभरात चार सायकली बसल्या.

कुणी घाबरलं नाही. प्रत्येकाकडे नवी ट्यूब होती. झटपट बदलल्या, हवा भरली, निघालो. दोनशे पावलांवर त्याच चार सायकली पुन्हा बसल्या, वर पाचवी माझी. उरलेल्या ट्यूबही टाकल्या. त्याही गेल्या. नाश्त्याची गाडी केव्हाच पुढे गेली होती. सबनीसांनी हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "खलास. कुणाला तरी बोलवू आणि परत जाऊ."

तेवढ्यात मागून बास्केटवाली सायकल आली. काकू रस्त्याच्या मधल्या स्वच्छ पट्ट्यातून, खाली बघत, सावकाश येत होत्या. उतरल्या, स्टँड लावला आणि विचारलं, "सगळ्यांची अचानक?"

कुणी हसलं नाही.

"काटा कुणीच शोधला नाही?"

सबनीस म्हणाले, "वेळ नव्हता."

"आता आहे."

मग रस्त्यापासून लांब, वाळूत ओपीडी लागली. सायकली उलट्या करून ओळीने मांडल्या. काकूंनी सबनीसांच्या हातात कापूस दिला. "पूर्ण फेरी मारायची. एक तार सापडली म्हणून थांबायचं नाही." दोन तारा सापडल्यावर सबनीस उठायला लागले. काकूंनी नुसतं बघितलं. ते परत बसले, आणि तिसरी सापडल्यावर त्यांनी ती चिमट्यात धरून सगळ्यांना दाखवली. इतका आनंद त्यांना स्टेडियमचं छत चढलं तेव्हाही झाला नसेल.

सोल्युशन लावून ते वाळेपर्यंत थांबणं इंजिनीअरांना सर्वांत जड गेलं. एकाने फुंकर मारली. "जखमेवर फुंकर मारता?" काकू म्हणाल्या. "गप्पा मारा, पण हात लावू नका." एका टायरला मोठी चीर होती. तिला आतून बिस्किटाच्या पुड्याचा कागद घडी घालून लावला. तासाभरात पाचही सायकली उभ्या राहिल्या.

निघताना सबनीसांनी आपली सायकल बाजूला घेतली. "काकू, तुम्ही पुढे व्हा."

आणि मग आम्ही सगळे, त्या महागड्या सायकलींसकट, एका लोखंडी सायकलीच्या मागे तिच्या वेगाने निघालो. काकू डावा हात काढून "काच" म्हणत, उजवा काढून "तार" म्हणत, आणि सबंध रांग त्यांच्या मागे वळत असे. एकही पंक्चर झालं नाही. समैस्माला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं, पोहे गार झाले होते आणि काळजीत पडलेली मंडळी टाळ्या वाजवत रस्त्यावर आली. सबनीस बायकोला म्हणाले, "काकूंनी आणलं आम्हाला." काकू मान ताठ ठेवून समुद्राकडे बघत उभ्या होत्या, पण त्यांना हसू आवरत नव्हतं. पुढच्या शुक्रवारपासून काकूंचा राउंड झाल्याशिवाय ग्रुप हलत नसे.

वर्ल्डकप दोन-तीन आठवड्यांवर आला. घरोघरी भारतातून फोन, कोण येणार, कुठे झोपणार. एका शुक्रवारी दुपारी मला काकूंचा फोन आला. "अगं, माझं पुढचं चाक बसलंय. येतेस का जरा?"

काकूंनी मला बोलावलं, म्हणून मी जिन्यावरून अक्षरशः धावले. सायकल हॉलमध्ये होती. मी टायर दाबलं. दगडासारखं टणक होतं. भिंतीलगत नवी चादर घातलेली एक खाट, तिच्यावर न फोडलेल्या पाकिटात फुटबॉलचा एक टी-शर्ट.

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. "चहा टाकलाय. अमितचं रद्द झालं. कॅनडाहून सकाळी फोन आला, सुट्टी नाही मिळाली म्हणे."

 मी सायकल उलटी केली, हवा सोडली, चाक काढलं आणि मांडी घालून खाली बसले. काकू दोन कप घेऊन आल्या आणि समोर टेकल्या. चाकाकडे त्यांनी बघितलं नाही.

"अमित लहानपणी कसा होता हो?" मी विचारलं.

काकूंनी त्याच्या जन्माच्या वेळच्या वजनापासून सुरुवात केली. गोष्ट त्याच्या बालवाडीपर्यंत आली तेव्हा मी घरी मेसेज टाकला, तुम्ही जेवून घ्या.